अण्णांची शिष्यवृत्ती

बारावी सायन्सचा निकाल लागला की घराघरात एक हिशेब सुरू होतो. कॉलेजची फी, हॉस्टेलचं डिपॉझिट, मेसचे महिन्याचे पैसे, एप्रन, जर्नल, पुस्तकं आणि एसटीचा पास. कागदाच्या एका बाजूला हे सगळं लिहायचं आणि दुसऱ्या बाजूला घरात येणारे पैसे. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर सायन्स सोडून दुसरं काहीतरी घे, असा सल्ला कुणीतरी नातेवाईक देतोच. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी तो दिला गेला होता. तिला केमिस्ट्रीत राम वाटत होता, घरच्यांना मात्र खर्चच दिसत होता. शेवटी फॉर्म भरून, रांगेत उभी राहून तिने शिष्यवृत्ती मिळवली आणि ती बीएस्सीला टिकली. पण त्या दोन महिन्यांत तिच्या घरात नेमकं काय चाललं होतं, ते फक्त तिलाच माहीत.

हा हिशेब नवा नाही. सातारा-सांगली भागात शंभर वर्षांपूर्वी एक माणूस हाच कागद घेऊन बसला होता. तेव्हा कागदाची दुसरी बाजू बऱ्याचदा कोरीच असायची. ती भरायची कशी, याचं उत्तर शोधण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं. तो माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील, आपल्या भागात सगळे ज्यांना अण्णा म्हणतात.

आपल्यातल्या बहुतेकांना अण्णा माहीत आहेत ते शाळेतल्या फोटोमुळे. पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी आणि २२ सप्टेंबरला जयंतीची भाषणं. मीही ती भाषणं ऐकली आहेत, एकदा पाठ करून म्हटलीही आहेत. पण शिष्यवृत्तीवर लिहायला बसले आणि वाचत गेले, तेव्हा फोटोतल्या आजोबांच्या मागे एक वेगळाच तरुण दिसायला लागला. परीक्षांमध्ये फारसा न चमकलेला, हॉस्टेलमधून काढून टाकलेला आणि तरीही मागे न हटलेला.

मेरिट लिस्टमध्ये न बसणारा मुलगा

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा, आईच्या माहेरचा. वडील पायगोंडा, आई गंगाबाई. शेतकरी जैन कुटुंब. घराण्याचं गाव ऐतवडे बुद्रुक, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं. वडील सरकारी नोकरीत असल्याने बदल्या व्हायच्या आणि मुलाची शाळाही बदलायची. दहिवडी, विटा अशा गावांत त्यांचं लहानपण गेलं. अभ्यासापेक्षा पोहणं, कुस्ती आणि रानात भटकणं यातच त्यांचं मन जास्त रमायचं. विहिरीवर दलितांना पाणी भरू देत नाहीत हे बघून त्यांनी विहिरीचा रहाटच मोडला, अशी त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट सांगतात.

पुढे शिकायला ते कोल्हापूरला गेले. तिथं जैन बोर्डिंगमध्ये राहायची सोय झाली. अण्णासाहेब लठ्ठे बोर्डिंगचे प्रमुख होते. १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्याच्या उद्घाटनाला भाऊराव गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी अंघोळ कर, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. मग बोर्डिंगमधून नाव कमी झालं.

हॉस्टेल सुटणं म्हणजे काय, हे बाहेरगावी शिकणाऱ्या प्रत्येकाला कळेल. नुसती खोली जात नाही, जेवण जातं आणि वर्षही जाऊ शकतं. भाऊरावांना तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी जवळ केलं आणि त्यांच्याकडे राहायची सोय झाली. एका वसतिगृहाने बाहेर काढलं आणि एका राजाने आसरा दिला, हे दोन्ही अनुभव भाऊरावांनी एकाच वयात घेतले. पुढे आयुष्यभर ते वसतिगृहं काढत राहिले. त्याचं मूळ इथंच असावं असं मला वाटतं.

त्यांचं स्वतःचं शिक्षण मात्र मॅट्रिकच्या पुढे गेलं नाही. विद्यार्थी म्हणून ते कॉलेजची पायरी कधीच चढले नाहीत. गुणांवर दिली जाणारी कोणतीही शिष्यवृत्ती त्यांना मिळाली नसती. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते, म्हणून लक्षात ठेवा.

नांगर विकणारा मास्तर

शिक्षण थांबल्यावर भाऊराव साताऱ्याला आले आणि शिकवण्या घेऊ लागले. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणायला लागले. १९१० मध्ये सांगली भागातल्या दुधगावात सहकाऱ्यांबरोबर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम सुरू केला. वेगवेगळ्या जातींची मुलं तिथं एकत्र राहणार होती. रयत शिक्षण संस्थेच्या आधीची ही पहिली तालीम.

त्याच काळातली इस्लामपूरची एक गोष्ट त्यांच्या चरित्रांत येते. ज्ञानदेव घोलप नावाचा एक दलित मुलगा शाळेच्या बाहेर बसून शिकताना त्यांना दिसला. आत बसायची त्याला परवानगी नव्हती. भाऊरावांनी त्याला घरी नेलं आणि मग कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात ठेवलं. हेच घोलप पुढे मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्य झाले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’चं संपादनही त्यांनी केलं. या मुलासाठी ना फॉर्म होता, ना कटऑफ. एका माणसाने बघितलं आणि हात धरला.

१९१४ मध्ये कोल्हापुरात राजाच्या पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण घडलं. त्यात अण्णासाहेब लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. हे तेच लठ्ठे, ज्यांच्या बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावं लागलं होतं. जुना हिशेब चुकता करायची संधी आयती आली होती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. त्यासाठी कोठडी सोसली आणि छळही सोसला.

पोटासाठी ते विक्रीच्या कामात शिरले. ओगले काच कारखान्याचा माल, मग किर्लोस्करवाडीचे लोखंडी नांगर. नांगर विकायचा म्हणजे गावोगाव फिरायचं, शेतकऱ्याच्या बांधावर बसायचं, त्याची अडचण ऐकायची. पुढे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्याबरोबर ते कारखान्याच्या कामात होते. नंतर दोघांचं फाटलं. पण त्या फिरतीत भाऊरावांना एक गोष्ट कळून चुकली होती. शेतकऱ्याच्या पोराला डोकं कमी नाही. त्याला कमी पडते ती शाळेजवळ राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण.

४ ऑक्टोबर १९१९, दसऱ्याचा दिवस. कराड तालुक्यातल्या काले गावात सत्यशोधक समाजाची परिषद भरली होती. तिथं रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस सुरू झालं. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचा नामकरण समारंभ झाला. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहतात आणि एका पंगतीत जेवतात, हे गांधीजींनी तिथं बघितलं.

मूठभर धान्य आणि एक मंगळसूत्र

बोर्डिंग चालायचं कसं? हा माझा सगळ्यात मोठा प्रश्न होता, कारण कुठल्याही योजनेत शेवटी पैसा कुठून येतो हेच बघायचं असतं, असं आम्हाला पत्रकारितेच्या वर्गात शिकवतात.

उत्तराचे तीन भाग आहेत. पहिला मुष्टिफंड. घरातल्या बाईने रोज दळणाआधी किंवा स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बोर्डिंगच्या नावाने बाजूला ठेवायचं. आठवड्याने, पंधरवड्याने ते गोळा व्हायचं. देणाऱ्याला ते जड जात नव्हतं आणि पोरांच्या भाकरीची सोय होत होती. आज त्याला क्राउडफंडिंग म्हणतात. तेव्हा ना ॲप होतं, ना क्यूआर कोड.

दुसरा भाग म्हणजे मुलांचं स्वतःचं काम. दळण, स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणं, शेतातली कामं सगळी मुलं पाळीपाळीने करायची. कुणाच्या जातीचं काम कुणाचं, हा प्रश्नच उरत नव्हता, कारण पाळी सगळ्यांवर यायची. कमवा आणि शिका ही कल्पना इथं रुजली.

तिसरा भाग सांगताना थांबावं लागतं. धान्य संपलं आणि पैसेही संपले की लक्ष्मीबाई पुढे यायच्या. लक्ष्मीबाई म्हणजे भाऊरावांच्या पत्नी. दागिना एकेक करून विकला जात होता किंवा गहाण पडत होता. शेवटी मंगळसूत्रही गेलं. बोर्डिंगमधल्या पोरांच्या आजारपणापासून जेवणापर्यंत सगळं त्या बघायच्या. १९३० मध्ये त्या गेल्या. रयतच्या शाळांत त्यांना रयतमाउली म्हणतात. शिष्यवृत्तीच्या इतिहासात सयाजीराव गायकवाड, शाहू महाराज अशी मोठी नावं येतात आणि ती यायलाच हवीत. पण या यादीत लक्ष्मीबाईंचं नाव लिहिलेलं मला कुठे फारसं दिसलं नाही. एका अर्थाने आपल्या भागातल्या सुरुवातीच्या शिष्यवृत्तीदारांपैकी त्या एक होत्या.

काम करून कॉलेज

पुढची वर्षं वेगाने गेली. १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग, १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारं कॉलेज. गावागावांत पाचशेहून अधिक प्राथमिक शाळा निघाल्या. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं, कमवा आणि शिका या तत्त्वावर.

आणि मग जून १९४७. स्वातंत्र्याला दोन महिने बाकी असताना साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. फी भरायला पैसे नसलेल्या मुलाने काम करावं आणि पदवी घ्यावी, असं हे कॉलेज. मुलांनी इथं शेती केली, दगड फोडले, इमारतींच्या कामावर घाम गाळला. एका धनिकाने कॉलेजला आपल्या वडिलांचं नाव द्या, मोठी देणगी देतो, असा प्रस्ताव ठेवल्याची गोष्ट साताऱ्यात आजही सांगतात. शिवाजी महाराजांचं नाव बदलायला भाऊरावांनी साफ नकार दिला. पैशांची गरज होती, तरी दिला. १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघालं.

पण इथं मला एक प्रश्न पडला आणि तो मी टाळणार नाही. सकाळी शेतात चार तास काम करून दुपारी कॉमर्सचं किंवा इतिहासाचं लेक्चर ऐकता येतं. सायन्सचं काय? प्रॅक्टिकल चालतं तीन-चार तास. टायट्रेशन अर्धवट सोडून ड्युटीवर जाता येत नाही. आणि संशोधन तर वेळापत्रक बघून होतच नाही. प्रयोग चुकतो, पुन्हा लावावा लागतो, कधी रात्र होते. ज्याला जगण्यासाठी रोज काही तास विकावे लागतात, त्याच्याकडे प्रयोग चुकवण्याइतका वेळच उरत नाही. आणि चुकायला वेळ नसेल तर संशोधन कसं होणार?

कमवा आणि शिका योजनेची ही मर्यादा भाऊरावांना दिसली नव्हती का? मला वाटतं, दिसली होती. कारण १९४० मध्येच त्यांनी आणखी एक गोष्ट उभी केली, जिच्याबद्दल जयंतीच्या भाषणात कुणी बोलत नाही. लक्ष्मीबाईंच्या नावाने शिक्षणोत्तेजक पतपेढी. संस्थेतल्या सेवकांनी, म्हणजे शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी, आपल्या तुटपुंज्या पगारातून तिथं पैसे ठेवायचे आणि त्यातून पुढे शिकू इच्छिणाऱ्यांना कर्ज मिळायचं. आज ती रयत सेवक बँक म्हणून ओळखली जाते. म्हणजे बघा, शाळेपर्यंत आणि पदवीपर्यंत हाताला काम. त्याच्या पुढे जायचं असेल तर मात्र हात मोकळे हवेत आणि त्यासाठी पैसा हवा. तो पैसा आधी शिकून कमावायला लागलेल्यांनी द्यायचा. घेणारा उद्याचा देणारा.

या वाटेने शिकलेल्या मुलांपैकी एक नाव तुम्हाला माहीत असेल. बॅरिस्टर पी. जी. पाटील. भाऊरावांचे विद्यार्थी, इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन रयतमध्येच शिकवलं आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९५९ हे भाऊरावांचं शेवटचं वर्ष. त्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं. एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. कॉलेज न शिकलेल्या माणसाला विद्यापीठाने दिलेली ती पदवी होती. महिनाभरातच, ९ मे १९५९ रोजी, पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचं निधन झालं. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. रयतच्या शाखा आज सातशेहून जास्त आहेत. २०२१ मध्ये साताऱ्याची तीन कॉलेजं एकत्र येऊन त्यांच्या नावाचं विद्यापीठ झालं: छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स.

आज आपल्या हातात काय आहे?

आता आपल्याकडे येऊया. आज बेसिक सायन्स शिकणाऱ्यासाठी मोठी योजना आहे ती केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची, इन्स्पायर. बारावीत आपल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि बीएस्सी किंवा इंटिग्रेटेड एमएस्सीला गेलेल्या मुलांना त्यात वर्षाला ८० हजार रुपये मिळतात. त्यातले ६० हजार शिकण्यासाठी आणि २० हजार उन्हाळ्यात एखाद्या मार्गदर्शकाकडे जाऊन संशोधन प्रकल्प करण्यासाठी. हे २० हजार मला फार आवडले. ते फीसाठी नाहीत, मेससाठी नाहीत. ते पदवीच्या मुलाला लॅबमध्ये वेळ घालवता यावा म्हणून आहेत. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, त्यातही बीएस्सीच्या मुलांना साधारण दोन महिने एखाद्या नामांकित प्रयोगशाळेत काम करता येतं.

पण वरचा एक टक्का म्हणजे किती कमी मुलं! अण्णा स्वतः त्यात बसले नसते. शाळेबाहेर बसलेला ज्ञानदेव तर नाहीच नाही. त्या एक टक्क्याबाहेर राहिलेल्यांसाठी महाडीबीटीवर राज्याच्या योजना आहेत, शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे आणि विद्यापीठांची कमवा व शिका योजना आहे. पुणे विद्यापीठात तर ती भाऊरावांच्याच नावाने चालते. लायब्ररीत, ऑफिसात, बागेत तासांवर काम करायचं आणि मानधन घ्यायचं. शक्य असेल तिथं लॅबमधलंच काम मागा. उपकरणं लावणं, सोल्युशन्स बनवणं, सॅम्पल मोजणं. त्यातून पैसेही मिळतात आणि हात तयार होतो. कमवा आणि शिकामधली मर्यादा थोडी तरी कमी होते.

आणि एक साधी गोष्ट. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला लाजू नका. गरीब आहे हे लोकांना कळेल म्हणून उत्पन्नाचा दाखला काढायलाच न जाणारी मुलं मी बघितली आहेत. बँक खातं आधारला जोडलंय का, दाखल्याची मुदत संपली नाही ना, कॉलेजच्या लॉगिनला अर्ज अडकला नाही ना, हे तीनदा तपासा. कागद अपुरा म्हणून परत आलेला अर्ज बघून कुणी शिक्षण सोडू नये.

त्या माझ्या मैत्रिणीचं आता एमएस्सी चालू आहे. तिला पहिल्या वर्षी ज्या कागदांसाठी पळावं लागलं, त्यांची यादी तिने करून ठेवली आहे आणि दर जुलैमध्ये ती गावातल्या बारावी झालेल्या मुलांना पाठवते. कुणाचं अडलं तर फोनवर फॉर्मही भरून देते. मुष्टिफंड याहून काही फार वेगळा नव्हता.